क्रियापदाची शेपटी

शुक्रवारी दुपारी म्हाप्शाहून कळंगुटला जाणाऱ्या मिनीबसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. बाजार करून परतणाऱ्यांच्या पिशव्या, मयड्याच्या केळ्यांचे घड, चवरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजांच्या, माळांचा आंबूस मसालेदार वास, आणि त्या सगळ्याच्या मधोमध टोप्या घातलेले, उन्हानं लालेलाल झालेले चारसहा विदेशी. पर्रा ओलांडल्यावर एका तिठ्यावर बस थांबली आणि कंडक्टरनं मागच्या सीटवरच्या जोडप्याकडे बघून आवाज दिला, "मॅडम, गेट डाउन! गेट डाउन!" कोवळा पोरगा, नुकती मिसरूड फुटलेली, आवाज मात्र खणखणीत. त्या बाईंनी क्षणाचाही विचार न करता डोकं गुडघ्यात घातलं आणि दोन्ही हात मानेवर घेतले. शेजारचा नवराही वाकला. केळ्यांचा घड घसरून खाली पडला. दोनतीन सेकंद ती दोघं तशीच, आणि सगळी बस त्यांच्याकडे बघतेय. मग बाईंनी हळूच एक डोळा वर केला, बस उभी दिसली, दार उघडं दिसलं, लोक हसताना दिसले. त्या उठल्या, हसल्या, घड उचलून उतरून गेल्या. बस सुटली. पोरगा मात्र दाराच्या दांड्याला धरून बराच वेळ गप्प होता. मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "म्हजें कितें चुकलें?"

त्याचं चुकलं नव्हतं. आणि चुकलंही होतं.

कोकणीत बसमधून माणूस 'देंवता', मराठीत 'उतरतो'. दोन्ही क्रिया वरून खालीच येतात. बसची पायरी जमिनीपेक्षा उंच, तेव्हा 'गेट' आणि 'डाउन' यांची बेरीज 'उतरा' अशीच व्हायला हवी, हा त्या पोराचा हिशेब अगदी सरळ. इंग्रजी माणूस मात्र बसमधून उतरताना खाली जाण्याचा विचारच करत नाही. त्याच्या डोक्यात बस हा एक फलाट आहे, आपण त्याच्यावर 'ऑन' असतो आणि त्याच्यापासून 'ऑफ' होतो. ज्या वाहनात उभं राहता येतं, दोन पावलं चालता येतं, त्याला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. बस, रेल्वे, विमान, जहाज, आपली रायबंदरची फेरीबोट, सगळी यात आली. ज्यात अंग दुमडून शिरावं लागतं त्याला 'गेट इन' आणि 'गेट आउट'. मोटार, टॅक्सी, मासेमारीची लहान होडी. ज्यावर मांड टाकून बसायचं ते पुन्हा 'ऑन' आणि 'ऑफ'च, म्हणून घोडा, सायकल आणि पिवळ्या मडगार्डाच्या भाड्याच्या मोटारसायकलवाल्या पायलटाची मागची सीट एकाच पंगतीत बसतात. 'गेट डाउन' चालतं ते माडावर चढलेल्या पाडेल्याला, छपरावरच्या गवंड्याला, टेबलावर उभ्या राहिलेल्या पोराला. आणि जिथं उंचीचा काही संबंधच नाही तिथं कुणी ओरडून 'गेट डाउन' म्हणालं, तर त्याचा अर्थ एकच, डोकं खाली घाल, वरून काहीतरी येतंय. त्या बाईंनी जे केलं ते त्यांच्या भाषेनं हाडात भरलेलं होतं. विचार करून केलेली गोष्ट नव्हे ती.

म्हणजे सगळा घोळ घातला तो 'डाउन'नं. 'गेट' बिचारं मुकं आहे. त्याला स्वतःचा असा अर्थ जवळजवळ नाहीच. इंग्रजीतली रोजची क्रियापदं बहुतेक अशीच हलकी, पोकळ: गेट, पुट, टेक, सेट, मेक, गो, कम, टर्न. वजन असतं ते मागून येणाऱ्या दोन-तीन अक्षरी शब्दात. आपण शाळेत नेमके तेच शब्द किरकोळ म्हणून सोडून दिलेले असतात. ते शेवटी येतात, लहान असतात, पाठ केलेल्या यादीत उजव्या बाजूच्या अर्थाकडे जाताना डोळा त्यांच्यावरून घसरतो. म्हणून स्टँडवरचा पायलट गिऱ्हाइकाला "आय विल ड्रॉप यू" असं सांगतो, तेव्हा त्यात 'ऑफ' नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. 'ड्रॉप यू ऑफ' म्हणजे नेऊन सोडतो. नुसतं 'ड्रॉप यू' म्हणजे पाडतो. हेल्मेट डोक्यावर घेऊन मागं बसणाऱ्या माणसाला हा फरक क्षणभर तरी टोचत असणार. 'आय विल पिक यू ॲट फाइव्ह'चंही तसंच. 'पिक यू अप' म्हणजे न्यायला येतो, नुसतं 'पिक यू' म्हणजे पाच वाजता तुझी निवड करतो. गंमत अशी की मुरगावच्या बंदरात मोठी जहाजं स्वतःच 'पायलट पिक अप' करतात, कारण तिथं पायलट म्हणजे जहाजाला वाट दाखवायला होडीतून येऊन चढणारा माणूस. रस्त्यावरचा आपला पायलट लोकांना उचलतो, दर्यावरच्या पायलटाला जहाज उचलतं. शेपटी एकच, 'अप'.

दहावीच्या गाईडात या क्रियापदांचं एक पान असायचं, अजूनही असतं. डावीकडे 'पुट ऑफ', उजवीकडे 'पोस्टपोन'. डावीकडे 'पुट आउट', उजवीकडे 'एक्स्टिंग्विश'. 'पुट अप विथ', 'टॉलरेट'. 'लुक इंटू', 'इन्व्हेस्टिगेट'. मुलं उजवी बाजू सहज लक्षात ठेवत आणि बोलतानाही तीच वापरत. कारण उजवीकडचे शब्द एकसंध आहेत, त्यांना मागंपुढं काही लोंबत नाही. गोव्यात तर याला आणखी एक पदर आहे. १९६१ पर्यंत ज्यांचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालं, त्या पिढीला 'टॉलरेट'साठी 'तोलेरार', 'इन्व्हेस्टिगेट'साठी 'इन्व्हेस्तिगार' आधीच ठाऊक होतं. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, आणि इंग्रजीतले ते सुटाबुटातले शब्दही लॅटिनच्याच घरून, काही फ्रेंचच्या हातून तर काही थेट आलेले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, त्यानंतर कचेरी, कोर्ट आणि दरबार यांची भाषा वरच्या माळ्यावर गेली. शेत, स्वयंपाकघर आणि गोठा यांची खाली राहिली. 'पुट आउट' ही चुलीपाशी बोलायची भाषा, 'एक्स्टिंग्विश' ही लाल सिलिंडरवर छापायची. आपल्या शाळांनी आपल्याला माळ्यावरून आत घेतलं, त्यामुळे आपण कचेरीत उत्तम इंग्रजी बोलतो आणि चुलीपाशी अडखळतो. हे वाईटच आहे असं नाही. पण आग लागली असता "प्लीज एक्स्टिंग्विश इट" असं म्हणणाऱ्या माणसाकडे मदतीला धावण्याआधी लोक वळून बघतात एवढं खरं.

ही अडचण नवी नाही, आपल्या एकट्यांचीही नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा कोश छापला तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की क्रियापदामागं बारका शब्द जोडून अर्थ फिरवायची खोड या भाषेला फार आहे आणि परक्यांना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत 'टेक ऑफ' आहे, अर्थ नक्कल करणं. विमानं यायला तेव्हा दीडशे वर्षं अवकाश होता. आज दाबोळीवरून आणि मोपावरून दिवसभर 'टेक ऑफ' होतं, आणि रंगमंचावर पुढाऱ्याची नक्कल करण्यालाही इंग्रजी माणूस 'टेक ऑफ' म्हणतो. त्याच यादीत 'सेट इन' आहे, आणि तो तर दर जूनमध्ये आपल्या दारात येतो. 'मान्सून सेट्स इन' हे वर्तमानपत्रातलं वाक्य वाचलं की छत्री शोधायची. जॉन्सन यांनी त्याचा अर्थ दिलाय, एखादी गोष्ट सुरू होऊन चालूच राहणं. नीट बघा, त्यात 'आली' एवढंच नाही, 'आता मुक्कामाला आली' असं आहे. म्हणून पाऊस 'सेट इन' होतो, थंडी होते, जखमेत पू होतो, लाकडाला कीड लागते तेव्हाही 'सेट इन'. सुट्टी कधी 'सेट इन' होत नाही, चवथ म्हणजे गणेशचतुर्थीही नाही. जे पाहुणे आवडते असतात त्यांच्यासाठी हा शब्द नाही. असला चिमूटभर कडवटपणा गाईडाच्या उजव्या बाजूला छापता येत नाही.

आणि मराठी माणसानं याची तक्रार करावी?

'खाऊन टाक.' एखाद्या जर्मन किंवा इंग्रज माणसाला मराठी शिकवायला बसा आणि हे दोन शब्द समजावून सांगा. खायचं, आणि मग टाकायचं? कुठं टाकायचं? आपल्याला त्यात फेकणं ऐकूच येत नाही, आपल्याला ऐकू येतं ते 'संपव, उरवू नकोस, मोकळा हो'. 'लिहून घे', 'लिहून दे', 'लिहून ठेव', 'लिहून काढ', 'लिहून टाक': लिहिणं एकच, पण पाच वेळा पाच माणसं वेगवेगळ्या चेहऱ्यानं टेबलाशी बसलेली दिसतात. घेणारा स्वतःसाठी लिहितो, देणारा दुसऱ्यासाठी, ठेवणारा उद्यासाठी, काढणारा पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि टाकणारा कंटाळलाय. 'तो बोलून गेला' म्हणजे तोंडातून निसटलं. 'तो बोलून बसला' म्हणजे आता निस्तरतोय. बसणे या क्रियापदात पश्चात्ताप कुठून आला? कोकणीत 'टाक'च्या जागी 'उडय' येतं, 'मारून उडयलो', म्हणजे मारून उडवला नव्हे, मारून टाकला. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या व्याकरणात या संयुक्त क्रियापदांचा बारकाईनं विचार केलाय, पण आईच्या मांडीवर शिकलेल्याला दामले लागत नाहीत.

तर 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाक'. 'अप'चा वर जाण्याशी इथं संबंध एवढाच, की भांडं भरत भरत काठापर्यंत वर आलं की काम पुरं झालं. 'फिल अप'मधली ही पुरेपणाची चव सगळीकडे आढळते. 'ड्रिंक अप', 'यूज अप', 'टेअर अप', 'लॉक अप'. 'टेअर' म्हणजे फाडलं, 'टेअर अप' म्हणजे फाडून तुकडे केले, पुन्हा जोडायचा प्रश्न नाही. आणि मराठीसारखीच इथंही एक अट आहे. 'भात खाऊन टाक' म्हणतो तेव्हा समोरचा, त्या टोपातला भात अभिप्रेत असतो. गोवेकर भात खातात हे सांगताना 'खाऊन टाकतात' असं आपण म्हणत नाही. इंग्रज माणूसही 'ईट अप द राइस' म्हणेल, पण गोवेकरांच्या जेवणाविषयी बोलताना 'अप' गाळेल. पुरं व्हायला आधी हद्द आखलेली असावी लागते.

'ऑफ'चा स्वभाव वेगळा. 'ऑफ' आणि 'चा-ची-चे'च्या अर्थाचा सौम्य 'ऑव्ह' हे मुळात एकच; जोर दिला तर एक, जोर न देता गिळला तर दुसरं, आणि पुढं स्पेलिंगनं दोघांची वाटणी केली. अर्थ मूळचा एकच, तुटणं, सुटणं, दूर होणं. नळ 'टर्न ऑफ', सभा 'कॉल ऑफ', कर्ज 'पे ऑफ', प्रवासाला 'सेट ऑफ'. इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं. मग येतो 'गो ऑफ'. दिवा 'गोज ऑफ' म्हणजे बंद होतो. अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजायला लागतो. दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासतं. चवथीचा फटाका 'गोज ऑफ' म्हणजे उडतो. चार वस्तू, चार टोकं. पण जरा थांबून बघितलं तर चारही ठिकाणी वस्तू आपल्या आधीच्या स्थितीपासून सुटलेली आहे. अलार्म दाबून धरलेला होता, सुटला. फटाका आवरलेला होता, सुटला. दूध चांगलं होतं, चांगलेपणापासून सुटलं. मराठीत दूध 'गेलं' म्हणतात आणि बत्तीही 'गेली' म्हणतात. आपण जाण्यावर थांबतो, ते कशापासून गेलं हेही सांगतात. 'आउट'चीही अशीच दोन तोंडं. आषाढातल्या रात्री वाऱ्यानं तार तुटली की 'द लाइट्स वेंट आउट', आणि थोड्या वेळानं ढग फाटून चंद्र दिसला की 'द मून केम आउट'. एक 'आउट' नाहीसं होण्याचा, एक प्रकट होण्याचा. जाणारी वस्तू आपल्या नजरेच्या खोलीतून बाहेर जाते, येणारी स्वतःच्या आडोशातून बाहेर येते. खोली कुणाची हे 'गो' आणि 'कम' सांगतात. म्हणजे क्रियापद अगदीच निरुपयोगी नाही म्हणायचं, दाराशी उभं राहून ते दिशा दाखवतं.

हे सगळं वाचताना संस्कृत शिकलेल्यांना एक श्लोक आठवल्याशिवाय राहणार नाही: उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्. धातूचा अर्थ उपसर्ग जबरदस्तीनं दुसरीकडेच ओढून नेतो. धातू एकच, हृ. त्याच्यापुढं 'प्र' आला की ठोसा, 'आ' आला की जेवण, 'वि' आला की फेरफटका. 'बलात्' हा शब्द मला फार आवडतो. धातूला कुणी विचारलेलंच नाही. फरक म्हणाल तर संस्कृतात ही ओढाताण पुढून होते आणि इंग्रजीत मागून. पण तोही फरक पक्का नाही. पाणिनीनं 'ते प्राग्धातोः' असं सांगितलं, उपसर्ग धातूच्या आधी. आणि लगोलग पुढच्या दोन सूत्रांत पुरवणी जोडली, 'छन्दसि परेऽपि', 'व्यवहिताश्च'. वेदात ते धातूच्या नंतरही येतात, आणि मध्ये दुसरे शब्द घालून लांबही उभे राहतात. म्हणजे 'टर्न द फॅन ऑफ' ही तऱ्हा आपल्या पूर्वजांना परकी नव्हती. इंग्रजीचाही प्रवास असाच उलटसुलट. जुन्या इंग्रजीत असे शब्द पुष्कळदा क्रियापदाच्या पुढं चिकटत, जर्मनमध्ये अजूनही चिकटतात. पुढं ते सुटून मागं गेले. 'अंडरस्टँड', 'विदस्टँड', 'ओव्हरकम' हे त्या काळाचे उरलेले चिरे. 'विदस्टँड'मधला 'विद' म्हणजे 'सोबत' नव्हे, 'विरुद्ध'. तो त्याचा जुना अर्थ, जो नंतर बदलला. या सगळ्या जोडक्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र फार उशिरा, १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकातून रूढ झालं, आणि त्यांनीही ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलंय.

पुढंमागं होण्याला या भाषेत आजही किंमत मोजावी लागते. 'लुक ओव्हर' म्हणजे नजरेखालून घालणं, तपासणं. 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणं. हिशेबनिसानं साहेबाला "आय ओव्हरलुक्ड द बिल्स" असं लिहून पाठवलं, तर त्यानं आपली मेहनत सांगायला जाऊन कबुलीजबाब दिला. समुद्रकिनारी प्रत्येक हॉटेलच्या माहितीपत्रात खोल्या समुद्राला 'ओव्हरलुक' करतात, ती तिसरीच तऱ्हा. 'टेक ओव्हर' म्हणजे ताबा घेणं, 'ओव्हरटेक' काय ते पर्वरीच्या चढावर कळतं. 'सेट अप' म्हणजे उभारणं, 'अपसेट' म्हणजे पाडणं.

मधल्या जागेचा नियम तर शिकवणारेही घाईत उरकतात. 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ' चालतं. पंख्याच्या जागी 'इट' आलं की मात्र एकच वाट, 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानाला खडा लागतो. कारण उघड आहे. इंग्रजी वाक्य आपली नवी, वजनदार गोष्ट शेवटाला ठेवतं आणि तिच्यावर जोर देतं. 'इट' ही जुनी, आधीच ठाऊक असलेली गोष्ट, तिच्यावर जोर पडत नाही, तिला शेवटच्या पाटावर बसवता येत नाही. तो पाट 'ऑफ'चा. उलट 'मागच्या खोलीतला, परवाच दुरुस्त करून आणलेला पंखा' एवढी लांबण असेल तर ती शेवटी जाते, आणि 'ऑफ' क्रियापदाला बिलगून राहतो, नाहीतर तो येईपर्यंत ऐकणारा 'टर्न' म्हणजे फिरव असं समजून बसेल. ही मोकळीक सगळ्यांना नाही. 'लुक आफ्टर द चाइल्ड'मधला 'आफ्टर' मुलापासून सुटत नाही, तिथं 'लुक आफ्टर हिम'च. ओळखायची खूण कानात आहे. 'लुक इट अप' म्हणताना 'अप' ठणकतो, 'लुक ॲट इट' म्हणताना 'ॲट' विरघळतो. जो ठणकतो तो हलू शकतो. मराठीत शब्दावर असा आघात नाही, आपण सगळी अक्षरं सारख्या मापानं वाढतो, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला वेगळा शिकवावा लागतो.

'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' हे अर्जाच्या शेवटी आपल्याकडे जवळजवळ छापील असतं, आणि चुकीचं असतं. 'टू हिअरिंग' हवं. तिथला 'टू' क्रियापदाचा शेपूटवाला 'टू' आहे, 'करायला'मधला नाही. शंका आली तर त्या जागी नाम घालून बघावं. 'लुकिंग फॉरवर्ड टू चवथ' बसतं ना? मग पुढं क्रियापद आलं तरी ते नामाच्या वेषात, 'इंग' लावूनच येणार. 'यूज्ड टू' नीट लावायलाही हीच युक्ती उपयोगी. पावसाची सवय असलेला माणूस 'यूज्ड टू द रेन' असतो.

मराठीनं या शब्दांचा पाहुणचार आपल्या रीतीनं केलाय. आपण त्यांना क्रियापद म्हणून आत घेतच नाही. नाम करतो, उंबऱ्यावर लिंग विचारतो, आणि 'करणे', 'होणे', 'घेणे' यांपैकी कुणाच्या तरी हाती सोपवतो. चेक-इन केलं, बॅकअप घेतला, ब्रेकअप झाला, पिकअप आली. इथवर छान. पंचाईत होते ती परत इंग्रजीत जाताना, कारण मग तोंडातून 'आय डिड चेक-इन', 'आय डिड लॉगिन' निघतं. इंग्रजीत नाम आणि क्रियापद वेगळे उच्चारले जातात. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, 'ब्रेकडाउन'. क्रियापद असेल तर शेपटीवर, 'ब्रेक डाउन'. म्हणून नाम जोडून लिहितात आणि क्रियापद तोडून, आणि म्हणूनच संगणकाच्या पडद्यावर 'प्लीज लॉगिन' हे जोडून लिहिलेलं पाहिलं की चोखंदळ माणूस दात खातो.

हॉटेलांच्या दारांना अडकवायची पुठ्ठ्याची पाटी असते, एका बाजूला 'डू नॉट डिस्टर्ब', दुसऱ्या बाजूला 'प्लीज मेक अप द रूम'. डिचोली-साखळीकडून किनाऱ्यावर हाउसकीपिंगला आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात ही पाटी हटकून हसवते. खोलीला पावडर लावायची की लिपस्टिक? पुढं कळतं की 'मेक अप' म्हणजे विस्कटलेलं परत जुळवून पुरं करणं. चादर, चेहरा, भांडण झालेली दोन माणसं, राहिलेले तास, सगळं 'मेक अप' होतं, आणि जुळवून सांगितलेली गोष्ट, म्हणजे थापही. संध्याकाळी याच मुलांना 'टर्न डाउन' करायचं असतं, पलंगपोस काढून, चादरीचा कोपरा दुमडून, दिवे मंद करून खोली झोपायला तयार ठेवायची. पाहुण्यानं ही सेवा नको म्हटली तर तोही ती 'टर्न डाउन' करतो. वहीत नोंद कशी करायची हा प्रश्न खरा आहे, पोरं 'रिफ्यूज्ड' लिहून मोकळी होतात, आणि शहाणपणा त्यातच आहे.

या सगळ्यात ज्यांचं इंग्रजी मला ऐकत राहावंसं वाटतं ते आपले तारवटी. बार्देश-साष्टीतल्या घराघरांतून बोटीवर गेलेले. त्यांतल्या कित्येकांनी शाळा अर्ध्यावर सोडली, गाईडाची उजवी बाजू पाहिलीच नाही. ते 'साइन ऑन' करतात आणि नऊ महिन्यांनी 'साइन ऑफ' होऊन येतात. सकाळी 'टर्न टू', म्हणजे कामाला लागा. संध्याकाळी 'नॉक ऑफ', म्हणजे पुरे करा. 'कास्ट ऑफ', 'स्टँड बाय', 'हीव्ह अप'. व्याकरण विचाराल तर हात झटकतील, पण शेपटी एकदाही चुकत नाही, कारण दोर हातात असताना 'ऑफ' आणि 'ऑन' यांत गल्लत केली तर बोटं जातात. ते इंग्रजीत चुलीकडच्या दारानं शिरले. त्यांच्या बोलण्यात 'कमेन्स' आणि 'टर्मिनेट' सापडणार नाहीत. शिकलेली मंडळी त्यांच्या इंग्रजीला हसतात याचा मला राग येतो. जहाजावरच्या इंग्रजाला कुणाची भाषा चटकन कळेल ते सांगायला नको.

पण मग कंडक्टरच्या 'गेट डाउन'ला चूक तरी कसं म्हणायचं? आपण सगळे तेच बोलतो. 'कोप अप विथ' आपणच 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' यांच्याकडे बघून बेतलंय; इंग्रज 'कोप विथ' म्हणतो. फॉर्म आपण 'फिल अप' करतो, लंडनला 'फिल इन' करतात, न्यूयॉर्कला 'फिल आउट', तिघांचा फॉर्म शेवटी भरलेलाच असतो. 'पास आउट' होऊन आपली मुलं कॉलेजातून बाहेर पडतात. लष्करी प्रशिक्षणाच्या दीक्षान्त संचलनातला तो शब्द आपण घरी आणला. मुलाखतीत परदेशी साहेबाला "आय पास्ड आउट इन २०१९" असं सांगितलं तर तो आधी तब्येतीची चौकशी करेल, कारण त्याच्याकडे त्याचा अर्थ शुद्ध हरपणं. आणि 'प्रीपोन'! 'पोस्टपोन'च्या उलट एकसंध शब्द रुळलेला नव्हता, आपण रुळवला, आणि ऑक्सफर्डच्या कोशाला तो घ्यावा लागला. इंग्रजांकडे त्यासाठी 'ब्रिंग फॉरवर्ड' होतं. माळ्यावरून आलेल्या माणसानं माळ्यावरच्याच लाकडाची खुर्ची बनवली. मला ती आवडते. 'कोप अप' मात्र ऐकलं की अजूनही दात आंबतात, आणि हा दुजाभाव आहे हेही कळतं.

बस त्या दिवशी बाग्याच्या वाटेला लागली तेव्हा मागं अजून दोन विदेशी पोरं बसलेली होती, वाळू लागलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन. त्यांचा थांबा जवळ आला तसा कंडक्टर चुळबुळायला लागला. एकदा 'गे' म्हणून थांबला. ओठ आवळले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, सगळे पुढं झुकले, दार आपटून उघडलं. पोरानं दाराकडे अंगठा केला, मान हलवली आणि क्रियापद गिळून टाकून ओरडला, "ऑफ! ऑफ!"

दोघं उठली, "थँक्स, मेट" म्हणाली, आणि ऑफ झाली.